मेनेआच्या नावामागचे ते दोन 'पण'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या क्रीडा पानावर २०० मीटरच्या शर्यतीवर अर्धं पान लेख आला. आवडला, दोनदा वाचला, टॉमी स्मिथ आहे, मायकेल जॉन्सन आहे, बोल्ट तर असणारच, पण त्या एवढ्या लेखात इटलीच्या पिएत्रो मेनेआच्या वाट्याला फक्त एक ओळ आलीय आणि त्या एका ओळीत सुद्धा दोन 'पण' आहेत. विश्वविक्रम केला पण मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत, १९८० ला मॉस्कोत ऑलिंपिक गोल्ड जिंकलं पण अमेरिकेचा बहिष्कार होता तेव्हा. झालं, संपला मेनेआ. मला ते मनाला लागलं म्हणून हे पत्र. लेखकाला दोष देत नाहीये, कारण हे दोन 'पण' गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं सगळेच लिहीत आलेत, एकाने लिहिलं की दुसरा उचलतो, आणि त्या खाली माणसाची सतरा-अठरा वर्षांची मेहनत गाडली जाते.

आधी विक्रमाचं बोलू. १२ सप्टेंबर १९७९, मेक्सिको सिटी, जागतिक विद्यापीठ स्पर्धा म्हणजे युनिव्हर्सियाड, फायनलमध्ये मेनेआने २०० मीटर १९.७२ सेकंदात मारले. म्हणजे वळण धरून सरासरी ताशी साडेछत्तीस किलोमीटर. वय २७, स्पर्धा विद्यार्थ्यांची, आणि हा खराखुरा विद्यार्थी होता, नावापुरता नव्हे, ते पुढे सांगतोच. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २२४० मीटरवर आहे, हवा पातळ, स्प्रिंटरला छातीवर वारा कमी लागतो, २०० मीटरमध्ये दशांशभर सेकंदाचा किंवा थोडा जास्तच फायदा होतो, हे शंभर टक्के मान्य. त्या दिवशी पाठीमागून वारा सेकंदाला १.८ मीटर होता, नियमात चालतो २.० पर्यंत, तेही मान्य. पण मग हे सांगा, त्याआधीचा १९.८३ चा विक्रम टॉमी स्मिथने कुठे केला होता? १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये, त्याच शहरात, त्याच उंचीवर! तुमच्या लेखात टॉमी स्मिथच्या वेळेपुढे उंचीचा 'पण' नाहीये. असायलाही नको, तो महान धावपटू होता. मग फक्त मेनेआच्याच पुढे का? तीच पातळ हवा एकाला माफ आणि दुसऱ्याला नाही, हा कुठला न्याय.

बरं, तो विक्रम टिकला किती? २३ जून १९९६ पर्यंत, जवळपास सतरा वर्षं. अमेरिकेच्या ऑलिंपिक ट्रायल्समध्ये अटलांटाला मायकेल जॉन्सनने १९.६६ केले तेव्हा कुठे तो पडला. मधल्या काळात कोण कोण येऊन धडकून गेलं बघा. १९८३ मध्ये कार्ल लुईस १९.७५ पळाला, रेषेच्या आधीच हात वर केले आणि तीन शतांशाने हुकला. सोलमध्ये १९८८ ला जो डिलोच, पुन्हा १९.७५. बार्सिलोनात १९९२ ला माइक मार्श सेमीफायनलमध्ये १९.७३, शेवटी सैल सोडलं आणि एका शतांशाने राहिलं. यातले डिलोच आणि मार्श त्याच ऑलिंपिकमध्ये २०० मीटरचे चॅम्पियन झाले, आणि लुईस तर लुईसच. त्यांनाही ते १९.७२ मोडता आलं नाही. आणि युरोपचा विक्रम म्हणून तो आकडा आजही तसाच उभा आहे, तुर्कीचा गुलियेव्ह १९.७६ पर्यंत आला, ब्रिटनचा झार्नेल ह्यूज २०२३ ला १९.७३ पर्यंत, पुढे कोणी नाही. एवढे बूट आले, एवढे ट्रॅक आले, तरी नाही.

आता खरी गोष्ट, जी कोणी लिहीतच नाही आणि जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. मॉस्को ऑलिंपिक आटोपून तीन आठवडे पण झाले नव्हते, १७ ऑगस्ट १९८०, मेनेआ स्वतःच्या गावात बार्लेत्ताला पळाला. बार्लेत्ता म्हणजे इटलीच्या टाचेच्या वरच्या बाजूला, पुलियामध्ये, एड्रियाटिक समुद्राला अगदी लागून. उंची शून्य म्हटलं तरी चालेल. वेळ १९.९६! समुद्रकाठी, जाडजूड हवेत, वीस सेकंदांच्या आत. त्या वेळी सपाटीवर २०० मीटरमध्ये त्याच्यापेक्षा जलद कोणीच पळालेला नव्हता, लुईसने १९.७५ करेपर्यंत तोच सपाटीवरचा सगळ्यात जलद माणूस राहिला. उंचीचा 'पण' इथेच संपतो असं मला वाटतं. मेक्सिकोची हवा आणि पाठचा वारा मिळून त्याला दोन-तीन दशांश मिळाले असतील, बाकीचे १९ सेकंद कुणी दिले नव्हते.

दुसरा 'पण' बहिष्काराचा. यावर मात्र मी जरा सविस्तर बोलणार आहे, जागा कमी असेल तर बाकीचं कापा, हे कापू नका.

१९८० ला अमेरिका मॉस्कोला गेली नाही हे खरं, आणि २०० मीटरमध्ये अमेरिकन नसले की शर्यत थोडी मोकळी वाटते हेही खरं. पण त्या फायनलला कोण उभं होतं ते तरी बघावं ना. ब्रिटनचा ॲलन वेल्स, तीनच दिवस आधी १०० मीटरचं गोल्ड घेतलेला. क्यूबाचा सिल्व्हियो लिओनार्ड, त्याच १०० मीटरचा सिल्व्हर, वेल्सच्या बरोबरीच्या वेळेत. जमैकाचा डॉन क्वारी, १९७६ चा मॉन्ट्रियलचा २०० मीटरचा चॅम्पियन, म्हणजे गतविजेता. आणि मेनेआ स्वतः विश्वविक्रमवीर. याला कोणी लुटुपुटूची फायनल म्हणत असेल तर काय बोलायचं. पहिले चार जण ११ शतांशांच्या आत संपले, २०.१९, २०.२१, २०.२९, २०.३०.

आणि मेनेआला लेन कुठली, तर आठवी. मी कॉलेजात असताना २०० पळायचो म्हणून सांगतो, आठव्या लेनमध्ये ब्लॉकवर बसलं की पुढे कोणीच दिसत नाही, नुसता रिकामा ट्रॅक. बाकी सगळे तुमच्या पाठीमागे, वळणामुळे प्रत्येक लेनला साधारण पावणेचार मीटरची सूट असते ना, त्यामुळे तुम्ही सगळ्यात पुढे उभे आणि तरी सगळ्यात आंधळे. पाठलाग करायला पाठ नाही, अंदाज घ्यायला माणूस नाही. बंदूक वाजते आणि तुम्ही एकटेच पळत सुटता, आणि मग कुठेतरी डाव्या कानाशी दुसऱ्याच्या स्पाइक्सचा आवाज यायला लागतो, तो आवाज ऐकला की पोटात गोळा येतो, कारण वळणावरच आवाज आला याचा अर्थ तुमची सूट संपली.

मेनेआच्या बाबतीत नेमकं तेच झालं आणि तेही फार लवकर. सातव्या लेनमध्ये वेल्स होता. वेल्सने ती पावणेचार मीटरची सूट पहिल्या पन्नासेक मीटरमध्येच खाऊन टाकली, वळण अर्धंसुद्धा झालं नव्हतं आणि तो याच्या बाजूला. सरळ पट्टीला लागले तेव्हा मेनेआ स्पष्ट मागे होता, चांगला दोनेक मीटर. शंभर मीटर राहिलेले, पुढे शंभर मीटरचाच ऑलिंपिक चॅम्पियन, आणि हा तोच मेनेआ ज्याला काही दिवस आधी १०० मीटरची फायनल पण गाठता आली नव्हती, सेमीफायनलमध्येच बाहेर गेला होता. त्या क्षणी कुणीही त्याच्यावर एक रुपया लावला नसता.

ती फिल्म मी किती वेळा बघितली असेल मोजलं नाही. बघण्यासारखं काय आहे, तर तो घाई करत नाही. मान ताठ होत नाही, खांदे वर चढत नाहीत, पावलं आखूड होत नाहीत. थकलेला स्प्रिंटर जे जे करतो त्यातलं काहीच तो करत नाही, फक्त वेल्स आणि त्याच्यातलं अंतर वितावितानं कमी होत जातं. इटालियन टीव्हीवर पाओलो रोसी कॉमेंटरी करत होते, ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहतात, 'रेकुपेरा, रेकुपेरा', म्हणजे भरून काढतोय, भरून काढतोय. भाषा कळत नसली तरी त्या आवाजात काय चाललंय ते कळतं. शेवटच्या काही मीटरमध्ये वेल्स रेषेकडे झेपावतो, मेनेआ बाजूने निघून जातो, दोन शतांश, आणि मग ते वर केलेलं एक बोट. तो हात वर करून पुढे पळतच राहतो, थांबायचंच नाव नाही.

आणि त्या गोल्डनंतर त्याच्यासाठी इटलीचा झेंडा चढला नाही की इटलीचं राष्ट्रगीत वाजलं नाही. इटलीचं सरकार बहिष्काराच्या बाजूचं होतं, ऑलिंपिक समितीने आपल्या जबाबदारीवर खेळाडू पाठवले, सैन्यदलातल्या खेळाडूंना तर जाताच आलं नाही. म्हणून पांढरा ऑलिंपिक झेंडा आणि ऑलिंपिकचं गीत. आठ वर्षं ज्याच्यासाठी झिजला ते मिळालं तेव्हा स्वतःच्या देशाचा झेंडाही बघायला मिळाला नाही. बहिष्काराने त्याला फुकट गोल्ड दिलं असं म्हणणाऱ्यांनी बहिष्काराने त्याच्याकडून काय घेतलं तेही एकदा मांडावं.

आठ वर्षं म्हणालो ते १९७२ पासून मोजून. म्युनिकमध्ये वीस वर्षांचा पोरगा, २०० मीटरमध्ये ब्राँझ, पुढे सोव्हिएत युनियनचा बोर्झोव्ह आणि अमेरिकेचा लॅरी ब्लॅक. त्याच्या आदल्या वर्षी हेलसिंकीच्या युरोपियन स्पर्धेत रिलेचं ब्राँझ. १९७४ ला रोममध्ये, घरच्या लोकांसमोर, २०० चा युरोपियन चॅम्पियन, १०० मध्ये बोर्झोव्हच्या मागे सिल्व्हर. मग मॉन्ट्रियल १९७६, चौथा. चौथा नंबर म्हणजे काय असतं ते ज्याला मिळालाय त्यालाच माहीत, ना पदक ना सहानुभूती. तिथे बरेच जण संपतात. हा १९७८ ला प्रागमध्ये १०० आणि २०० दोन्हीचा युरोपियन चॅम्पियन झाला, आणि त्याच वर्षी मिलानला इनडोअरमध्ये चक्क ४०० मीटरचं युरोपियन गोल्ड. शंभर ते चारशे, एकाच सीझनमध्ये! आजच्या स्पेशलायझेशनच्या काळात ही गोष्ट कुणाला पटायची पण नाही. मॉस्कोत सुद्धा २०० च्या गोल्डनंतर ४ बाय ४०० रिलेचं ब्राँझ त्याच्या नावावर आहे, ते तर कोणाच्या लक्षातच नसतं.

हे सगळं आलं कुठून, तर फोर्मियामधून. रोम आणि नेपल्सच्या मधलं समुद्रकाठचं गाव, तिथे ॲथलेटिक्सचं राष्ट्रीय केंद्र आणि तिथे कोच कार्लो व्हित्तोरी. दिवसाला पाच-सहा तास ट्रेनिंग, वर्षानुवर्षं, सणवार न बघता. व्हित्तोरी कडक माणूस, मेनेआ त्याहून हट्टी. शरीर बघाल तर स्प्रिंटरचं वाटायचंच नाही, हडकुळा, गालफडं बसलेली, स्टार्ट सुद्धा काही खास नाही. त्याचं सगळं बळ शेवटच्या ऐंशी मीटरमध्ये, जिथे बाकीचे मंदावतात तिथे हा सगळ्यात कमी मंदावायचा, आणि ती गोष्ट देवाने दिलेली नसते, ती त्या पाच-सहा तासांतून येते. तो स्वतः म्हणायचा की कष्ट कधी वाया जात नाहीत, सोसता पण स्वप्नं बघता. तो हे भाषणात म्हणायचा म्हणून नाही, त्याची सरळ पट्टी बघितली की ते पटतं.

घरची परिस्थिती साधी, वडील शिंपी. पोरवयात बार्लेत्ताच्या रस्त्यावर तो मोटारींशी शर्यत लावायचा, पोर्शे आणि अल्फा रोमिओ, पन्नास मीटर, जिंकलं की पाचशे लिरा, त्यात सिनेमाचं तिकीट नाहीतर काहीतरी खायला. पहिल्या पन्नास मीटरमध्ये माणूस गाडीला हरवू शकतो, गाडीला वेग पकडायला वेळ लागतो, हे त्या पोराने कुणी न शिकवता ओळखलं होतं. पुढे लोक त्याला 'दक्षिणेचा बाण' म्हणायला लागले. इटलीत उत्तर श्रीमंत आणि दक्षिण मागासलेली ही जुनी दुखरी गोष्ट आहे, त्यामुळे त्या टोपणनावात नुसता वेग नाही, तिथल्या लोकांचा अभिमान पण आहे. त्याच्या आधी इटलीला २०० चं गोल्ड मिळवून दिलं होतं ते लिव्हियो बेरुत्तीने, १९६० ला रोममध्ये, काळा चष्मा लावून पळणारा तुरीनचा विद्यार्थी, उत्तरेचा. वीस वर्षांनी दुसरं आलं ते दक्षिणेतल्या शिंप्याच्या घरात.

मॉस्कोनंतर तो थांबला, मग परत आला. १९८३ ला पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप हेलसिंकीला, वय ३१, २०० मीटरमध्ये ब्राँझ, आणि ४ बाय १०० मध्ये शेवटचा लेग पळून इटलीला सिल्व्हर. लॉस एंजेलिस १९८४, फायनलमध्ये सातवा. सातवा म्हणून सोडून देऊ नका, सलग चार ऑलिंपिकमध्ये २०० मीटरची फायनल गाठणारा तो पहिला माणूस होता, तिसरा, चौथा, पहिला, सातवा. आणि १९८८ ला सोलमध्ये पाचवं ऑलिंपिक, ३६ व्या वर्षी, पळण्यात आता काही राहिलं नव्हतं, पण उद्घाटनाला इटलीचा झेंडा त्याच्या हातात होता. मॉस्कोत जो झेंडा त्याच्यासाठी चढला नाही तो आठ वर्षांनी त्याने स्वतः धरला. मला तर हे वाचताना दरवेळी बरं वाटतं.

विद्यार्थी होता म्हणालो ना, तर त्याने एक नाही चार पदव्या घेतल्या, राज्यशास्त्र, कायदा, शारीरिक शिक्षण, साहित्य. वकिली केली, वीसेक पुस्तकं लिहिली, १९९९ ते २००४ युरोपियन संसदेत खासदार होता आणि डोपिंगच्या विरोधात सतत बोलत राहिला. २१ मार्च २०१३ ला रोममध्ये कॅन्सरने गेला, साठ वर्षांचा होता. रोममधलं ते संगमरवरी पुतळ्यांचं स्टेडियम, स्तादिओ देई मार्मी, आता त्याच्या नावाने आहे.

१०० मीटरचं पण एक राहिलं. मेक्सिकोत त्याच स्पर्धेच्या वेळी त्याने १०.०१ केले होते, तो इटलीचा विक्रम २०१८ पर्यंत टिकला, फिलिप्पो तोर्तूने ९.९९ करून मोडला. म्हणजे ३९ वर्षांनी. २०२१ ला टोकियोत मार्सेल जेकब्सने ९.८० मध्ये १०० मीटरचं गोल्ड घेतलं तेव्हा सगळे विचारत होते की इटलीत स्प्रिंटर कधीपासून व्हायला लागले, तुमच्या पानावर पण मथळा तसाच काहीसा होता, आश्चर्य, धक्का वगैरे. जेकब्स ग्रेटच आहे, रिलेचं गोल्ड तर एका शतांशाने आणलं त्यांनी ब्रिटनच्या पुढे, त्यात हाच तोर्तू शेवटच्या लेगला. पण धक्का कसला? त्या देशात २०० मीटरचं गोल्ड दोनदा येऊन गेलं होतं आणि तिथला प्रत्येक शाळकरी पोरगा १९.७२ हा आकडा ऐकत मोठा होतो.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच. पुढच्या वेळी मेनेआवर एकच ओळ छापायची असली तरी छापा, पण त्यात मेक्सिकोच्या १९.७२ शेजारी बार्लेत्ताचे १९.९६ पण असू द्या, आणि बहिष्काराच्या शेजारी वेल्स, क्वारी आणि लिओनार्ड ही तीन नावं. आणि जमलं तर तो मॉस्कोचा फोटो टाका, ज्यात बाहेरच्या आठव्या लेनमधून तो बोट वर करून निघालाय आणि वेल्स अजून पुढे वाकलेला आहे.

आपला,
अनेक वर्षांचा एक वाचक